साहेब प्याले ते पाणी

घरी कुणी आलं की मी पाणी द्यायला उठत नाही. गुडघे ठीक आहेत, हात थरथरत नाहीत, तरी उठत नाही. बायको होती तोवर ती आल्यागेल्याला हसून सांगायची, "ह्यांना पाहुण्याची भीती वाटते." आता सून तेच सांगते, पण हसत नाही. मी दोघींचंही ऐकून घेतलं. खरं कारण बायकोला सांगायचं दोनतीनदा मनात आलं होतं, पण सांगायला बसलो की विषय कांद्याच्या भावावर जायचा आणि मी तो जाऊ द्यायचो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बाहेर मोठी लढाई चालू होती आणि तिची खबर आमच्याकडे फक्त घासलेट मिळेनासं झालं म्हणून लागायची. सेलू आणि मानवत यांच्या मधल्या एका गावात मी मास्तर होतो. परभणीला उर्दू शिकून आलेलो, चोविशीतला, अंगात मस्ती भरपूर. कचेरीचा कागद वाचता येणारा आणि कचेरीला कागद लिहिता येणारा गावात मी एकटाच. पटवारी होता, पण तो तीन गावांचा, सापडायचा कुठे. त्यामुळे लोक मला शाळेपेक्षा कागदासाठी जास्त मान द्यायचे, आणि मी तो घ्यायचो.

गाव साठेक उंबऱ्यांचं. चहूकडे काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, आणि गावाच्या उगवतीला एक उघडा माळ. त्या माळावर गवतसुद्धा नीट उगवत नसे, म्हणून तो कुणाचाच नव्हता. एके साली तिथं एक गुत्तेदार आला. त्यानं सरकारकडून दगडाचा ठेका घेतला होता. खडी लागत होती, सडकेला लागत होती, रुळांना लागत होती, किती आणि कुठं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पोळ्याला एक सुरुंग फुटला, दिवाळीपर्यंत रोज दुपारी फुटायला लागला. फुटण्याआधी एक माणूस पत्र्याचा डबा बडवत माळाच्या कडेनं फिरायचा. डबा वाजला की आमच्या बायका फळीवरची भांडी खाली उतरवून ठेवायच्या. अजूनही दुपारी कुठं पत्रा वाजला तर मी हातातली कपबशी खाली ठेवतो.

खदानीबरोबर माणसं आली. आधी दगड फोडणारी घराणी आली, गाढवं घेऊन. घरात तेलगू बोलायची आणि बाहेर आमच्यासारखीच मराठी. मग त्यांच्या मागं कुठून कुठून मजुरीला लोक आले. मग त्यांच्यासाठी चहावाला, शिंपी, शिंदीचं दुकान. दोन वर्षांत माळावर गावापेक्षा जास्त माणसं झाली. झोपड्या पाचटाच्या, एकीला एक लागून. आमच्या गावच्या लोहाराला छिन्न्या शेवटण्याचं, म्हणजे धार लावण्याचं, इतकं काम आलं की पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या पाभरी तशाच पडून राहिल्या. गाड्यांनी रस्ता असा खणला की पावसाळ्यात माणूस गुडघ्याएवढा रुतायचा. सरपण मिळेना. गाव कुरकुरायचं आणि माळावरच्या बाजारात भाजीही विकायचं.

पण खरा घाव बसला तो बारवेला. गावची बारव जुनी, दगडी पायऱ्यांची, उन्हाळ्यातही तिला छातीभर पाणी असायचं. सुरुंगांनी तिचे झरे कुठं सरकले देव जाणे. पाणी उतरत उतरत शेवटच्या पायरीला गेलं, आणि जे राहिलं ते पांढरट, भांड्याच्या तळाशी पीठ बसावं तसा चुना खाली बसायचा. ज्यांच्या मळ्यात विहिरी होत्या ते मळ्यातून आणायला लागले. गावाचं भागलं. माळावरच्या लोकांना बारवेत उतरायची मुभा आधीही नव्हतीच. त्यांच्या बायका वरच्या पायरीवर घागरी घेऊन बसायच्या आणि गावातली कुणी वाढेल तेवढं घेऊन जायच्या. बारव आटल्यावर वाढणंही थांबलं. मग त्या खदानीतल्या जुन्या खड्ड्यातलं पाणी भरू लागल्या. पावसाचं साचलेलं, तसंच पांढरट, गाढवं त्यातच, आंघोळी त्यातच.

हे मी आज इतक्या सरळ लिहितो आहे. तेव्हा मला ते दिसत होतं आणि दिसत नव्हतंही.

सरकारला अर्ज करायचा असं मारुतीच्या पारावर ठरलं. सरकार आमच्या माळातून दगड नेतं, तर सरकारनं आमचं बघावं, हा पाटलांचा मुद्दा. तो बरोबरच होता. गुत्तेदाराकडे आधी जाऊन झालं होतं. तो म्हणाला, माझा ठेका दगडाचा, माणसांचा नाही. तहसिलीत विचारलं तर तिथला कारकून म्हणाला, माणसं गुत्तेदारानं आणली, त्याला विचारा. मग वरच्याकडेच जायचं ठरलं. वरचे म्हणजे परभणीचे अव्वल तालुकदार, आजच्या भाषेत कलेक्टर.

काय मागायचं यावर दोन तास गेले. पाटलांना पोलीसचौकी पाहिजे होती, कारण माळावरची माणसं बिनओळखीची आणि एकदोन कणसांच्या चोऱ्या झाल्या होत्या. गाडीवाल्यांना रस्ता पाहिजे होता. मी हळूच दुसऱ्या शिक्षकाची मागणी घुसवली, कारण चार इयत्ता एकट्यानं हाकून मी कंटाळलो होतो. मग माळावर एक विहीर. मग दवाखाना, तो मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण भाव करताना वर सांगतात तसा.

अर्ज मी लिहिला. उर्दूत, वळणदार अक्षरात, वर सात ओळींचा मायना. लिहून झाल्यावर मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना माळावरची एक बाई आली. चाळिशीच्या घरातली, हातावर दगडाच्या कपच्यांचे बारीक पांढरे वण. तिचा नवरा सुरुंग भरायचा आणि डबाही तोच बडवायचा. माळावर भांडणतंटा झाला की लोक त्याच्याकडे जायचे आणि तो हिच्याकडे बघायचा, हे गावालाही माहीत होतं. शाळेच्या पायरीखाली उभी राहून तिनं विचारलं, "मास्तर, तुमी अर्जी लिव्हली म्हनं. हिरीचं लिव्हलं का?"

"लिहिलं की."

"कितव्या नंबराला?"

मी मनात मोजलं आणि म्हणालो, "चौथ्या."

"तिसऱ्याला काय हाय?"

मी सांगितलं नाही. ती हसली. "ऱ्हाऊ द्या. तुमी लिव्हलं तेच लय झालं."

त्या अर्जाचं काही झालं नाही. दुसरा पाठवला, त्याचंही नाही. तेव्हा पाटील, गावातले दोन जाणते आणि मी असे चौघे परभणीला गेलो. मानवतच्या स्टेशनापर्यंत बैलगाडीनं, पुढं रेल्वेनं. मी शेरवानी मागून आणली होती, ती खांद्यात घट्ट होत होती. दोन दिवस कचेरीच्या व्हरांड्यात बसलो. साहेब आत येताना उठायचं, बाहेर जाताना उठायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी दुपारी पेशकाराला, साहेबांच्या कारकुनाला, आमची दया आली किंवा कंटाळा आला. पिकल्या दाढीचा, सुपारी कातरत बसलेला माणूस. मिसलीतला, म्हणजे फायलीतला, आमचा अर्ज काढून त्यानं वाचला आणि माझ्या मायन्याचं कौतुक केलं. मग म्हणाला, "मास्टर साहब, पाँच चीज़ें माँगोगे तो एक मिलेगी, और वो भी वो, जो सरकार को देनी है." आणि मग आवाज उतरवून म्हणाला, साहेब कागदावर विश्वास ठेवत नाहीत, डोळ्यांनी बघतात ते मानतात. फाल्गुनात त्यांचा दौरा तुमच्या बाजूला आहे, मी गावाचं नाव घालतो. बघायला काहीतरी ठेवा.

परतताना पाटील खुशीत होते. प्रत्यक्ष अव्वल तालुकदार गावात येणार, हे आजोबांच्या काळातही घडलं नव्हतं.

मी माळावर गेलो. आपण होऊन मी तिथं गेलो तो पहिल्यांदाच. त्या बाईला सांगितलं, साहेब येणार आहेत, डोळ्यांनी बघतील ते मानतील. तिनं लगेच ओळखलं. म्हणाली, "मग बघायचं कशाला, पाजाच की त्येला आमचं पानी. एक घोट पोटात गेला का लगी हिर मंजूर करल."

तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली, पण त्यालाही हसू आलं होतं. मीही हसलो. तेव्हाच तिनं मला दुसरीही गोष्ट सांगितली. तिचा भाऊ सेलूच्या पलीकडे एका खदानीवर होता, तिथं नदी जवळ होती, तो बोलावत होता. माळावरची पंचवीसेक बिऱ्हाडं हिच्या मागं निघाली असती. "पर हितं हिर व्हनार आसंल तर कशाला हलायचं? लेकरं रमलीत. तुमी सांगा मास्तर, व्हईल का?"

मी म्हणालो, होईल.

साहेब यायच्या आधी चार दिवस गाव झपाटल्यासारखं कामाला लागलं. आता मला त्याचा राग येतो, तेव्हा मीच पुढं होतो. रस्त्यातले खड्डे मुरूम टाकून भरले. भिंती सारवल्या, अंगणात सडे पडले, शाळेला चुना दिला. वेशीला आंब्याचे टाळे बांधले. पाटलांच्या मेहुण्याचा दोन कोसांवर मळा होता, त्याच्या विहिरीचं पाणी साऱ्या मुलखात गोड. तिथून नव्या माठात पाणी आणून त्यात वाळा टाकला, माठ शाळेत वाळूवर ठेवला. साहेब माणूस उन्हातून येणार, त्याला काय बारवेचं पांढरं पाणी द्यायचं? हे कुणी विचारलंही नाही. पाहुण्याला घरातलं चांगलं ते द्यायचं, एवढं आम्हाला पाळण्यापासून ठाऊक. आणि माळावर सांगावा गेला की त्या दिवशी सगळ्यांनी खदानीत कामावर राहायचं, झोपड्यांपाशी गर्दी करायची नाही. त्या झोपड्यांवरून साहेबांनी गावाला नाव ठेवायला नको.

मदत मागायला साहेबाला बोलावलं होतं, आणि आम्ही चार दिवस राबून एकेक दुखणं त्याच्या नजरेआड केलं. हे माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही. एकदा आलं होतं, चुन्याचा कुंचला हातात असताना. पण भिंत अर्धी झाली होती.

त्या सकाळी ती बाई आली. डोक्यावर पदर, हातात जर्मनचा तांब्या. तांब्याच्या तोंडावर फडकं टाकून त्यावरून लुगड्याच्या काठाची पट्टी गुंडाळलेली आणि गाठ मारलेली. दगडाच्या पाट्या गाढवावर बांधतात तसली ती गाठ होती, दोनदा फिरवून मधून काढलेली, ओढली की आणखी आवळणारी. "खड्ड्यातलं हाय," ती म्हणाली, "आत्ता भरलं. साहेबानं पानी मागितलं का हे द्या. गाठ तुमाला सुटायची न्हाई, मला हाक मारा. मी हितंच भिताडापल्याड बसते."

पाटील शाळेत फरशीवर सतरंजी टाकून घेत होते. त्यांनी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी तिला हळू आवाजात सांगितलं, "तू बसू नकोस, कामावर जा. दे इकडे, वेळ बघून मीच दाखवतो."

तिनं तांब्या लगेच दिला. मास्तरवर विश्वास होता. मी तो शाळेच्या कपाटात, हजेरीच्या वह्यांशेजारी ठेवला आणि दार लोटलं.

साहेब दहाच्या सुमारास आले. उंच, गोरे, पडशानं आवाज बसलेला. चांगले गृहस्थ होते, हे लिहायला मला जड जातं, पण होते. घोड्यावरून उतरल्या उतरल्या त्यांनी माझ्या दोन पोरांना पाढे विचारले. मग सतरंजीवर बसले आणि पाणी मागितलं.

पाटलांनी स्वतः माठातून चांदीचं फुलपात्र भरलं आणि माझ्या हातात दिलं, कारण त्यांच्याशी बोलायला मी होतो. मी दोन्ही हातांनी पुढं केलं. साहेब एका दमात प्याले, पुन्हा मागितलं, पुन्हा प्याले, आणि म्हणाले, "सुब्हानअल्लाह. मीठा पानी है आपके गाँव का."

आणि आम्ही सगळे सुखावलो. हीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते. पाटील सुखावले, जाणते सुखावले, दाराशी उभा असलेला लोहार सुखावला, आणि मी सुखावलो. आमच्या गावाचं पाणी गोड आहे असं अव्वल तालुकदार म्हणाले. ते आमच्या गावाचं नव्हतं, हे त्या क्षणी कुणाच्या मनातही नव्हतं.

साहेबांनी मिसल उघडली, चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं. "दरख़ास्त में तो कुछ और लिखा है, मास्टर साहब. पानी पीने के क़ाबिल नहीं?"

कपाट माझ्या उजव्या हाताला होतं. उठायचीही गरज नव्हती, हात लांबवला असता तर दार उघडलं असतं. पाटील माझ्याकडे बघत नव्हते, सतरंजीचा एक दोरा ओढत होते. मी ते कपाट उघडलं तर पाटील भर सभेत खोटे ठरणार होते, ज्यांच्या ओसरीवर मी तीन वर्षं जेवलो त्यांच्या तोंडावर. आणि साहेबासमोर, चांदीच्या फुलपात्राशेजारी, एका दगडफोड्या बाईचा पोचे पडलेला तांब्या ठेवायचा. मला लाज वाटली. पाण्याची नाही, तांब्याची.

मी म्हणालो, "हुज़ूर, गर्मियों में थोड़ी तकलीफ़ होती है."

साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मग ते माळाकडे गेले, पण घोड्यावरूनच. झोपड्या रिकाम्या होत्या, वाट झाडलेली होती, सगळे कामावर. "मेहनती लोग हैं," ते म्हणाले. खड्ड्याच्या बाजूला त्यांना कुणी नेलं नाही आणि मीही नेलं नाही.

संध्याकाळी ती आली. "काय म्हनला साहेब?"

"लिहून नेलं आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"आन् पानी?"

"बघितलं." हे होतं.

ती इतकी खूश झाली की तांब्याचं विचारायलाच विसरली.

जबाब होळीनंतर आला. मी शाळेत एकट्यानं वाचला. चौकी मंजूर झाली होती, दोन जवानांची. रस्ता, शिक्षक, दवाखाना, पुढे विचार होईल. विहिरीपुढं दोन ओळी होत्या: मौक़े पर पानी चखा गया, उम्दा पाया गया. कुएँ की ज़रूरत साबित नहीं. खाली शेरा, दाख़िल दफ़्तर. म्हणजे आता ती मिसल बांधून ठेवायची, पुन्हा उघडायची नाही.

पाटलांना मी वाचून दाखवलं. चौकी मिळाली म्हणून त्यांनी गूळ वाटला. विहिरीच्या ओळीला ते एवढंच म्हणाले, "साहेबाला आपलं पाणी लय आवडलं होतं." त्यात वाईटपणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की ही गावाची शोभा झाली.

माळावर मात्र मी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. मी घरी बसून तिसरा अर्ज लिहिला, या वेळी कुणाला न विचारता, फक्त विहिरीचा, मायना दोनच ओळींचा. पाणी दुसऱ्या मळ्यातून आणलेलं होतं हेही लिहिलं आणि ते वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी त्याशिवायच पाठवला. मनात हिशेब असा की, हा मंजूर झाला तर मधलं कुणाला कळायचंच नाही. आठ दिवसांनी ती पायरीखाली येऊन उभी राहिली. भावाचा पुन्हा निरोप आला होता. "उन्हाळा लागायलाय मास्तर. खड्ड्यात गुडघाभर राह्यलंय. जायचं का थांबायचं, एकदाचं सांगा."

मी म्हणालो, "कागद वर गेला आहे. थांबा."

ती थांबली, आणि ती थांबली म्हणून बाकीची बिऱ्हाडंही थांबली.

वैशाखात पटकी आली. आधी चहावाल्याचं माणूस गेलं, मग एका दिवसात एकाच रांगेतल्या तीन झोपड्या. मी मोजले नाहीत, मोजायला तिथं गेलोही नाही. गावानं वेशीवर चौकीचे जवान उभे केले, माळावरून कुणी गावात येऊ नये म्हणून. आम्हीच मागितलेली चौकी, ती अशी कामाला आली. पाटलांनी मरीआईचा गाडा काढला. चौथ्या दिवशी दुपारी डबा वाजला नाही. बायकांनी सवयीनं भांडी खाली उतरवली आणि वाट बघत बसल्या. उशिरानं कळलं की डबा बडवणाराच गेला. तिचा नवरा. पुढं किती तरी दिवस गावात दुपारी भांडी खाली असायची.

मग सरकार आलं. डॉक्टर आला, लाल औषध आलं, ते खड्ड्यात टाकलं, टोचण्या झाल्या. सारं चार दिवसांत. एवढ्या लवकर येता येतं हे मला तेव्हा कळलं. गुत्तेदारानं काम बंद केलं आणि माळ उठला. आता माळावरच्यांना सांगणं भाग होतं. जवानाबरोबर मी निरोप धाडला की विहिरीला सरकारनं नाही म्हटलं. सरकारनं, एवढंच.

ते लोक निघाले त्या दिवशी उन्हं तापायच्या आत गाढवांची रांग शाळेवरून गेली. ती रांगेतून बाहेर पडली आणि पायरीखाली उभी राहिली. कपाळ मोकळं होतं. हातांतली काकणं गेल्यामुळे मनगटांवरचे वण जास्त दिसत होते. मी बाहेर आलो.

"माझा तांब्या ऱ्हायलाय तुमच्याकडं," ती म्हणाली.

मी आत गेलो. कपाट उघडलं. हजेरीच्या वह्यांशेजारी तो तसाच होता, मीच ठेवलेला. फडकं पिवळं पडलं होतं. उचलला तर हलका लागला, पाणी कधीच उडून गेलं होतं. गाठ सोडून फडकं काढून टाकावं असं मला सुचलं. प्रयत्न केला. नखं मोडली. ती गाठ मला सुटायची नाही हे तिनं आधीच सांगितलं होतं.

तसाच बाहेर नेऊन दिला.

तिनं तांब्या हातात घेतला. कानाशी नेऊन हलवला. आत कोरडा चुना खुळखुळला. मग तिनं अंगठा त्या गाठीवरून फिरवला, एकदा, दोनदा. ती स्वतःची गाठ ओळखत होती. तिनं वर माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मी इतकी वर्षं तो घेऊन बसलो असतो आणि बरा झालो असतो.

"आमी इतके दिवस त्या साहेबाला शिव्या देत बसलो, मास्तर," ती म्हणाली.

गाढवं पुढं गेली होती. ऊन चढत होतं. मला काही तरी बोलायला पाहिजे होतं, आणि दारात आलेल्या माणसाला जे म्हणायचं म्हणून लहानपणापासून जीभ शिकलेली होती, तेच माझ्या तोंडून निघालं.

"बस जरा. पाणी घे."

ती निघाली होती, ती थांबली. तिनं खरंच विचारल्यासारखं विचारलं, "कोनतं?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. तिनं तांब्या काखेत घेतला आणि रांगेच्या मागं चालू लागली.